वीतभर उंचीचा ट्रेलर

गुणाजी घाडी यांनी आयुष्यात जे जे बनवलं ते बुटकं. ही चेष्टा नाही, ते स्वतःच सांगतात, आणि तेही जरा छाती काढून. चिंचपोकळीच्या एका गल्लीत त्यांचा वेल्डिंगचा गाळा आहे. गेली तीस वर्षं लालबाग-परळच्या मंडळांना गणपती आणण्या-नेण्याच्या ट्रॉल्या ते तिथे बनवून देतात. मूर्ती उंच असते. वर केबलच्या वायरी, पुलाचं पोट, शुभेच्छांच्या कमानी. मंडळ मूर्ती कमी करत नाही आणि वायरी कुणाच्या हे कुणालाच माहीत नसतं. मग मधल्यामधे ट्रॉलीनेच नमतं घ्यायचं. काका तिला जमिनीला चिकटवून देतात. त्यांच्या ट्रॉलीखालून मांजर गेलं तर पाठ खाजवून जातं, असं लालबागेत म्हणतात.

काकांचं वय सदुसष्ट. गुडघे त्याहून मोठे. कुठलाही प्रश्न विचारला की आधी स्टूल ओढून बसतात, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात, आणि तोवर विचारणारा प्रश्न विसरेल अशी आशा करतात. मी त्यांच्याच मजल्यावर दोन खोल्या पलीकडे राहतो. मी बार्शीचा. डिप्लोमा करून माझगावला होड्या दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या यार्डात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. पोहता येत नाही हे मी मुलाखतीत सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. काका मला नावाने हाक मारत नाहीत. ते कोकणातले आणि मी घाटावरचा, त्यामुळे मी 'घाटी'. हे प्रेमाने आहे असं सुभद्राकाकी सांगतात. काका स्वतः तसं कधी बोललेले नाहीत.

काकींना गावी जायचं होतं, कायमचं. मालवणच्या वरच्या अंगाला खाडीकाठी त्यांचं घर आहे. धाकटे दीर दगडू तिथे राहतात, घराची कौलं चाळतात, फोनवर विचारतात, "येतलात कधी?" काकांनी काकींना शब्द दिला होता की येत्या मे महिन्यात निघू. हा शब्द त्यांनी तीन मे महिन्यांत दिला होता. पहिल्या वर्षी मंडळाची पंचाहत्तरी निघाली. दुसऱ्या वर्षी वेल्डर आजारी पडला. तिसऱ्या वर्षी तर काहीच कारण नव्हतं. मंडळाचा हितेंद्र नुसता येऊन चहा पिऊन गेला, आणि काका जून उजाडताच गाळ्यात जाऊन आडवे झाले, ट्रॉलीखाली.

"नुसतं बसायला गावी जाणार नाही," एवढंच ते म्हणायचे. "थयसर काय करू? कुंपण मोजू?"

यात माझा गुन्हा असा की यार्डात एक होडी निकालात निघाली होती ते मी काकींसमोर बोललो. सोळा फुटी, फायबरची. बोटींवर कामगार पोचवून पोचवून रंग उडालेला, पण बूड शाबूत. काकींनी हातातली भाजी खाली ठेवली. "खाडीत चालात?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. मला काय, खाडी मी नकाशात पाहिलेली. पण काकींनी ती होडी धरूनच ठेवली. गळ टाकायला, पलीकडच्या काठाला बाजार करायला, वाडीतल्या म्हाताऱ्यांना देवळात पोचवायला. आठ दिवसांनी काका स्वतः यार्डात आले, होडीच्या बुडावर बोटाच्या पेराने टकटक करत एक फेरी मारली, आणि म्हणाले, "इंजिन लहानसाच लावूया."

काकी त्या दिवशी मला दोन वेळा जेवायला वाढून गेल्या.

आता होडी गावी न्यायची कशी, हा प्रश्न. पुतण्या लवू दर हंगामात पिकअपमधून हापूसच्या पेट्या लालबागला आणतो आणि परत रिकामा जातो. त्याच्या मागे ट्रेलर लावून होडी न्यायची असं ठरलं. लवूची शेवटची खेप मे अखेरीस. ती चुकली की पाऊस. खाडीकडे उतरणारा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता लाल मातीचा, पावसाळ्यात त्यात बैलही पाय घालत नाही. मग गणपतीपर्यंत थांबा, आणि गणपतीपर्यंत थांबलं की काका कुणाचे, हे काकींना पाठ होतं. त्यामुळे हिशेब सरळ होता. ट्रेलर वेळेत झाला तर दोघं गावी. नाही झाला तर काका ट्रॉलीखाली, काकी खिडकीत.

यार्डाच्या कोपऱ्यात दोन जुने ट्रेलर गंजत पडले होते. दोन्ही नोंदणीचे, कागदपत्रं जाग्यावर. एक उंच, मोठ्या चाकांचा, टांगड्या. दुसरा लांब आणि बसका. मी उंचाकडे बोट दाखवलं.

"ट्रेलर घेतंय काय उंट?" काका म्हणाले, आणि बसक्याच्या चौकटीवर हात फिरवायला लागले, जसा कुणी गाईच्या पाठीवर फिरवावा. "ह्यो बरो. अंग जमिनीला आहे याचं."

"काका, गावच्या रस्त्याला मधे वरंबा असेल ना? दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खचलेल्या. पोट टेकेल याचं."

"वरंबा केवढा, दगडूला विचारतो." फोन लावला. दगडूकाकांनी पलीकडून सांगितलं, "ढोपराएवढो."

काकांनी फोन ठेवला आणि मला समजावलं. "दगडूचा ढोपर केवढा? लहानपणापासून बुटको तो. वीतभर धर. वीतभर पुरे."

मग टायर. ट्रेलरचे टायर भेगाळले होते. काका कॉटन ग्रीनच्या एका गोदामवाल्या ओळखीच्याकडे गेले आणि माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे भरीव रबरी टायर घेऊन आले. आत हवा नाही, पंक्चरचा प्रश्न नाही. मिरवणुकीत फुटलेले नारळ, काचा, चपलांचे खिळे, आणि वर देव. तिथे टायर बसला तर माणसाने तोंड कुठे लपवायचं? तीस वर्षं त्यांनी भरीव टायरच घातले आणि तीस वर्षांत एकही बसला नाही. मी म्हणालो, हे टायर गोदामातल्या चालीचे आहेत, हायवेवर साठाने पळवले तर तापून रबर सुटेल. काकांनी चष्मा पुसला.

"साठ?" ते म्हणाले. जणू मी काहीतरी अचकटविचकट बोललो. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या माणसाने बनवलेली एकही वस्तू आजवर माणसाच्या चालीपेक्षा जोरात गेलेली नाही. गेली असती तर आठशे माणसं ओरडली असती.

पण ऐकणार कोण? "माका शिकवू नको," झालं. एप्रिल सगळा त्यात गेला. गाळ्यात पंखा एकच, तोही वेल्डिंगच्या वेळी बंद. काका गोणपाटावर झोपून चौकट साफ करत, आडव्या पट्ट्या लावत, आणि दर तासाने उठून भिंतीला टेकून उभे राहत. उठताना तोंडातून जो आवाज निघायचा तो ऐकून शेजारचा चहावाला आपोआप कटिंग घेऊन यायचा. ट्रेलर तयार झाला. काकांनी अंगठा आणि करंगळी ताणून खाली हात घातला. जमिनीपासून बरोबर एक वीत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला बार्शीला परत जावंसं वाटलं.

मेच्या तेरा तारखेला यार्डात होडी चढवली. ट्रेलर ओढायला यार्डाची जीप. फाटकात एक छोटा चढ आहे, आतलं पाणी रस्त्यावर जाऊ नये म्हणून कधीकाळी घातलेला, सायकलवालासुद्धा न उतरता जातो. जीप चढली, पलीकडे उतरली. मग खर्रर्र करून काहीतरी ओरडलं आणि जीप थांबली. ट्रेलरचं पोट चढावर टेकलं होतं. चाकं दोन्ही बाजूंना जेमतेम जमिनीला, मधली पट्टी वाकून वर आलेली, आणि होडीच्या बुडाला हातभर ओरखडा. आतलं पांढरं फायबर दिसत होतं.

यार्डातले दोघंतिघं हसले. त्यांना माहीत नव्हतं कोणाला हसतोय. काका ट्रेलरजवळ गेले, वाकले, वीत घातली. हात आत जाईचना. वीत काय, चार बोटं जात होती.

"वीत होती," ते म्हणाले. "मी मोजली होती."

"रिकामा असताना मोजलीत, काका. याला पाटे आहेत, स्प्रिंगचे. होडी चढल्यावर पाटे दबले."

मग मला कळलं. त्यांच्या ट्रॉल्यांना पाटे नसतातच. स्प्रिंगवर मूर्ती डुलेल, म्हणून ॲक्सल सरळ चौकटीला ठोकलेला. रिकामी असो की वर देव असो, उंची तीच. भार आला की गाडी खाली बसते, ही गोष्ट तीस वर्षांत त्यांना मापावी लागली नव्हती.

काका फाटकाच्या कट्ट्यावर बसले. मी पाणी दिलं ते हातातच राहिलं. "देवाक खाली आणूक शिकलंय," ते शेवटी म्हणाले, माझ्याशी नाही, ट्रेलरशी. "होडयेक वर उचलूचा आसता." आणि मग मला, "तो दुसरा कुठाय? उंट?"

उंट मागच्या आठवड्यात भंगारात कापला गेला होता. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं.

लवू सव्वीस तारखेला येणार होता.

पुढचे दिवस मी सुट्टीचे अर्ज आणि खोटी कारणं यांत काढले, काका गोणपाटावर. आता मात्र ते विचारायला लागले, आणि तेच जास्त अवघड होतं, कारण विचारताना ते माझ्याकडे बघत नसत. "लवूच्या गाडीचा टायर कुठला?" फोन लावला. पंधरा इंची. "मग तेच घालू. स्टेपनी एकच लागेल, त्याच्या गाडीची आपल्याला, आपली त्याला." चाकाच्या बोल्टांची भोकंही त्याच मापाची हवीत म्हणून हब बदलले. मग मी म्हणालो, दोन चाकांमधलं अंतरही पिकअपएवढंच ठेवू, म्हणजे चाकोरीत त्याची चाकं जातील तिथेच आपली जातील. त्यावर काकांनी प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. "बार्शीला रस्ते असतात म्हणजे," ते म्हणाले.

खरं काम पाट्यांचं. आधी ॲक्सल पाट्यांच्या वर बसवलेला होता, त्यामुळे चौकट खाली लोंबायची. तो काढून पाट्यांच्या खाली घ्यायचा, म्हणजे सगळी चौकट वर उचलली जाते. सांगायला एक वाक्य. करायला चार दिवस लागले, कारण गंजलेले यू-बोल्ट एकेक करून कापावे लागले, आणि काकांचा उजवा हात दुपारनंतर थरथरायचा. ते गॅसकटर डाव्या हाताने उजवं मनगट धरून चालवायचे. मी म्हणालो, वैभवला बोलवू, पलीकडच्या गाळ्यातल्या वेल्डरला. "वैभव माझ्या कामाला हसेल," ते म्हणाले. वैभव त्यांचाच शिष्य. तो तीन दिवस येऊन दारात उभा राहून गेला होता, आत यायचं धाडस त्यालाच नव्हतं.

याच गोंधळात हितेंद्र आला. मंडळाचा कार्यकर्ता, पस्तिशीचा, पांढरा शर्ट, पायाला हात लावून नमस्कार करणारा. माणूस वाईट नाही, हीच त्याची अडचण. काकी डबा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच टाकीवर बसल्या होत्या.

"काका, यंदा मूर्ती दीड फूट कमी केलीय. खास तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी कशाला? देवासाठी करा."

"नाही म्हणजे, तुमचे गुडघे. तुम्ही नुसतं बघायला या. हात लावू नका." त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या भरीव टायरांवर गेलं. "हे काढले का? आम्हाला द्या ना. आमचे झिजलेत."

"ने."

"पण बसवायला तुम्हीच लागाल."

काकांनी स्टूल ओढलं. चष्मा काढला. काकींनी डब्याचं झाकण बंद केलं, त्याचा आवाज झाला.

"बघूया," काका म्हणाले.

हा शब्द मला तेव्हा साधा वाटला. हितेंद्र खूश होऊन गेला. काकी मात्र उठल्या, पदर खोचला, आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. त्या मोठ्याने बोलत नाहीत. "तीन वर्सां 'बघूया' म्हटलात," त्या म्हणाल्या, "आणि तिन्ही वर्सां गेलात. माझ्या ट्रंकेची कडी आता उघडत पण नाय, भरून भरून. ह्या खेपेक नाय म्हणूचा नसात तर होय म्हणा. पण बघूया म्हणू नकात."

काका ट्रेलरखाली गेले. तिथून उत्तर देता येत नाही, ही सोय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच वैभवला हाक मारली. "आत ये. झोप इथे. हात घाल." आणि हितेंद्रला फोन करून बोलावून घेतलं. तो बिचारा पेढे घेऊन आला. त्याचा पांढरा शर्ट काढायला लावला आणि बनियनवर गोणपाटात झोपवला. तासभर ते दोघं खाली आणि काका स्टुलावर. यू-बोल्ट कुठे आवळायचा, किती, आवळल्यावर कसा आवाज आला पाहिजे, नट दुसऱ्यांदा का बघायचा. "ट्रॉलीचंही हेच," काका म्हणाले. "फक्त पाटे नाहीत. लक्षात राहील?" हितेंद्रने खालून हो म्हटलं. त्याच्या नाकावर ग्रीसचा ठिपका होता, तो तसाच घेऊन मंडळाच्या कचेरीत गेला म्हणतात.

पण नाही असं काका अजूनही बोलले नव्हते. मी काकींकडे बघितलं. काकी ट्रंक भरत होत्या.

चोवीस तारखेला होडी पुन्हा चढवली. बुडाचा ओरखडा यार्डात भरून घेतला होता. चौकट उंच झाली म्हणून होडी आणखी वर जाऊन कलंडू नये, यासाठी मधल्या पट्ट्या काढून व्हीच्या आकाराच्या बसवल्या होत्या, म्हणजे होडीचं बूड चौकटीच्या आत उतरून बसतं. काकांनी वीत घालण्याआधी होडीत चार वाळूची पोती टाकायला लावली, मग वैभवला आत बसायला लावलं, मग मलाही. मग मोजलं. ॲक्सलखाली सव्वा वीत, चौकटीखाली दोन वितींना जरा कमी. जीप फाटकातून गेली, ट्रेलर तिच्यामागून. काही झालं नाही. आवाजसुद्धा नाही. काका म्हणाले, "उतरा आता, काय लगीन आसा?"

सव्वीसला सकाळी लवूने पेट्या उतरवल्या, दुपारी अडकवणी झाली. ट्रेलरची मान पिकअपच्या हुकाच्या उंचीला येईना, चार बोटं वर राहिली, शेपूट खाली. काकांनी तिथल्या तिथे हुकाखाली पट्टी जोडून घेतली. काकी पुढे लवूशेजारी, काका त्यांच्या शेजारी, मी मागे ताडपत्रीत, रिकाम्या पेट्यांच्या वासात. दर दोन तासांनी काका गाडी थांबवायचे, उतरायचे, हबला तळहात लावून तापलाय का बघायचे, आणि परत चढताना त्यांना लवूची आणि माझी, दोघांची मदत लागायची. पनवेल, महाड, चिपळूण. लवू साठाच्या वर गेला की काका काचेवर ठोकायचे.

"काकानू, ट्रक पुढे जातत."

"जाऊंदे. तेंका होडी नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल रस्ता लागला. वरंबा खरोखरच ढोपराएवढा होता, निदान दगडूकाकांच्या. ते स्वतः पिकाव घेऊन उभे होते, सगळ्यात उंच होता त्या दोन ठिकाणी वरंबा खणून सपाट केलेला, घामाने निथळत. "तुझ्या ट्रॉलीवर माझो इस्वास नाय," त्यांनी भावाला सांगितलं. काका उतरले नाहीत. म्हणाले, "चल रे लवू." पिकअप चाकोरीत, ट्रेलर चाकोरीत. ॲक्सलला वरंब्यावरचं गवत घासत होतं, सुकं, सळसळ आवाज. बाकी काही नाही. खाडीच्या उतारावर लवूने उलटा घेतला, चाकं पाण्यात गेली, आणि होडीचं बूड आपल्या आपण हललं.

काका पाण्यात उतरले. कमरेएवढं. गुडघ्यांना बरं वाटत असणार, कारण तिथून ते हलेनात. एक हात होडीच्या कडेवर, डोळे मिटलेले. दगडूकाका दोरी धरून बोलत होते, बोलतच होते, काका ऐकत नव्हते.

काकांचा फोन काकींच्या पिशवीत होता. तो वाजला. मी शेजारीच होतो, नाव दिसलं. हितेंद्र. काकींनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, मग फोन कानाला लावला.

"हां बोल, बाबा." तिकडून बराच वेळ बोलणं. मधे 'मूर्तीचं पाद्यपूजन' ऐकू आलं, मग 'नुसतं बघायला'. काकी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते पाण्यात आसत."

तिकडून काहीतरी.

"कधी भायेर येतले ता माका म्हायत नाय," काकी म्हणाल्या, आणि फोन बंद करून पिशवीत टाकला.

"कोणाचो गो?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"कोणाचो नाय."

काकांनी दुसरा हातही होडीवर ठेवला. थोड्या वेळाने होडीच्या कडेला डोकं टेकवलं आणि पाण्यातच, उभ्या उभ्या, त्यांना डुलकी लागली. दगडूकाकांनी दोरी सोडली नाही.